41 दिवस मागे: तान्ह्या बाळाच्या आईचं बायबलवाचन, एक प्रकरण अभ्यास

भगिनींच्या गटात आया वैयक्तिक भक्तीबद्दल बोलायला लागल्या की बहुतेक वेळा तक्रार एकच असते, वेळ मिळत नाही. ती खोटी नसते. पण हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते अशासाठी की इथेही सुरुवात वेळेपासूनच झाली आणि गाठ मात्र निघाली भलतीकडेच. जिची ही हकीकत आहे तिला विचारून लिहिते आहे. नाव कुठे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परिस्थिती

वय 34. तीन मुलं. मोठी मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 चा, आणि धाकटी सात महिन्यांची, अंगावर पिणारी. घरूनच हिशेबाचं अर्धवेळ काम. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, त्यामुळे एक आठवडा तो सकाळी घरी, एक आठवडा संध्याकाळी घरी, आणि एक आठवडा घरी असून झोपलेला. ती स्वतः विश्वासी घरात वाढलेली, संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं मिळवलेली. म्हणजे वचनाची गोडीच नाही, असा प्रकार नव्हता.

1 जानेवारीला तिने फोनवर एका वर्षात संपूर्ण बायबल वाचण्याची योजना सुरू केली. बायबलचे अध्याय 1,189; जुन्या करारात 929, नव्यात 260. त्याला 365 ने भागलं की रोज तीन-साडेतीन अध्याय येतात. सगळं बायबल मोठ्याने वाचायला साधारण 70 ते 75 तास लागतात, म्हणजे दिवसाला बाराएक मिनिटं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की कोणालाही वाटावं, एवढं तर जमेलच.

उत्पत्ति भराभर गेलं. निर्गमाचा पहिला अर्धाही गेला. मग निवासमंडपाच्या फळ्या, कड्या, पडदे आणि त्यांची मापं आली, आणि त्यामागून लेवीय, यज्ञांच्या नियमांचं पुस्तक. लेवीय संपता संपता, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, धाकटीला ताप आला. रात्रीची जागरणं सुरू झाली, मग मुलाला ताप, मग तिला स्वतःला. वाचन तिथे थांबलं. मार्चच्या मध्यानंतर ती माझ्याशी बोलायला आली तेव्हा फोनच्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: 41 दिवस मागे.

ती जे बोलली ते जवळजवळ तिच्याच शब्दांत देते. "काकू, आधी हे भरून काढते, मग प्रार्थनेला बसेन. एवढं मागे पडल्यावर कुठल्या तोंडाने बसू?"

मी विचारलं, म्हणजे प्रार्थनाही थांबली आहे का. मुलांबरोबर झोपताना होते ती होते, ती म्हणाली. एकटीची बंद आहे. फेब्रुवारीपासून.

आधी काय काय करून झालं होतं

पहाटे साडेचारचा गजर लावून झाला होता. सल्ला गटातलाच, आधार मार्क 1:35 चा, की येशू पहाटेच्या अंधारात उठून एकांती प्रार्थनेला गेला. गजर वाजला की धाकटी उठायची आणि आईला पाहिल्यावर परत झोपायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती दुपारी हिशेबात चुका करायला लागली, तेव्हा गजर बंद झाला. हे वचन आयांना सांगणाऱ्यांनी पुढची दोन वचनंही वाचावीत असं मला फार वाटतं. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत शोधत तिथे पोचतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधत आहेत. प्रभूचा एकांतही कोणीतरी येऊन मोडलाच होता.

नीतिसूत्रे 31 ची सद्गुणी स्त्री तर तिला तोंडपाठ होती. रात्र सरायच्या आत ती उठते, घरच्यांचं पाहते. पण त्याच 15 व्या वचनात तिच्या दासींचा उल्लेख आहे, तो भाषणांत कधी ऐकू येत नाही. घरात हाताखाली माणसं असलेल्या बाईचं ते वर्णन आहे. शिवाय ते 22 वचनांचं मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेलं स्तुतिगीत आहे. आदर्श म्हणून ते जरूर गावं, पण त्यावरून कोणी आपलं दिवसाचं वेळापत्रक आखू नये.

दैनिक मननाची पुस्तिकाही होती. एक वचन, एक छोटी गोष्ट, चार ओळींची प्रार्थना, संपलं पान. ती ते दात घासताना वाचायची. मी विचारलं, कालचं वचन कोणतं होतं? आठवेना. गोष्ट मात्र पूर्ण आठवत होती, हरवलेल्या किल्लीची होती. माझा अशा पुस्तिकांना विरोध नाही, कसा असेल? जगभर वाचलं जाणारं स्कॉटिश धर्मोपदेशक ऑस्वाल्ड चेंबर्स यांचं दैनिक मननाचं पुस्तक 1927 साली त्यांच्या विधवेने तयार केलं. नवऱ्याची भाषणं तिने लघुलिपीत टिपून ठेवली होती, आणि ते पुस्तक जुळवताना ती विद्यार्थ्यांना घरात ठेवून, त्यांचं सगळं करून, एकटीने मुलगी वाढवत होती. दमलेल्या बाईच्या हातचीच ती वस्तू. अडचण एवढीच, की पुस्तिका वचनाच्या जागी बसली की वाचणाऱ्याच्या हाती दुसऱ्या कोणाचं मनन लागतं, आणि शास्त्रभाग तसाच राहतो.

शेवटची गोष्ट फोनच्या गटाची. आमच्या भगिनींच्या गटात रोज रात्री प्रत्येकीने "वाचन झालं" म्हणून खूण टाकायची, असं कोणीतरी उत्साहाने सुरू केलं होतं. फेब्रुवारीत ती दहाएक दिवस वाचन न होताच खूण टाकत राहिली, आणि मग लाजेने गटातच बोलायची थांबली. हे तिने सर्वांत शेवटी, दाराशी उभी राहून सांगितलं.

पहिला प्रश्न झोपेचा

अशा वेळी आध्यात्मिक सल्ला द्यायची घाई होते. ती आम्ही केली नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आईला नैराश्य येऊ शकतं, आणि ते पुष्कळदा "माझी भक्तीच आटली" अशा शब्दांत बाहेर पडतं. म्हणून आधी विचारलं ते हे, की बाळ झोपल्यावरही तुला झोप लागत नाही असं होतं का, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे का, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भीतिदायक विचार येतात का. यातल्या एकाचंही उत्तर हो असतं तर पुढची पायरी डॉक्टरची होती, बायबल अभ्यासाची नव्हती. तिचं तसं नव्हतं. थकवा होता, भरपूर होता. डॉक्टरांना दाखवून ये, असं तरीही सांगितलं आणि ती गेली.

1 राजे 19 मधला संदेष्टा एलीया "मला मरण दे" म्हणून झाडाखाली पडतो तेव्हा देवदूत त्याला काही शिकवत नाही. झोपू देतो, उठवून खायला घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. बोलणं त्यानंतर, डोंगरावर. हा क्रम सल्ला देणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

गाठ

ती हिशेब बघणारी बाई, त्यामुळे तिच्याच भाषेत बोलणं सोपं गेलं. 41 दिवसांची थकबाकी म्हणजे सुमारे 134 अध्याय, साधारण आठ-साडेआठ तासांचं वाचन. ते कधी करणार? रोजचा नवा हप्ता चालू ठेवून वर हे फेडायचं म्हटलं तर रोज दुप्पट वाचूनही सव्वा महिना लागेल, आणि त्या सव्वा महिन्यात एकही ताप यायला नको. तिने आकडे लगेच मांडले आणि हसली. मग म्हणाली, "पण सोडून द्यायचं म्हणजे माफी मागून घ्यायची ना, काकू?"

कोणाकडे? ही थकबाकी होती कोणाची? ॲपची. देवाच्या खात्यावर ती कधी चढलीच नव्हती. अमुक दिवसांत बायबल संपवा अशी आज्ञा सबंध बायबलमध्ये नाही. ज्याला आपण अध्याय म्हणतो ती विभागणीच 13 व्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे मिळाले ते 1551 मध्ये, छापखान्याच्या काळात. त्याआधीच्या आयांनी "आज किती अध्याय झाले" हा प्रश्न स्वतःला कधी विचारला असेल? बहुतेकींच्या हातात पुस्तकच नव्हतं. त्यांनी वचन ऐकलं, पाठ केलं, मुलांना सांगितलं.

वार्षिक योजनांचा मला राग नाही. सर्वांत नावाजलेली योजना 1842 च्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रॉबर्ट मरी मॅकशेन या पाळकाने आपल्या मंडळीसाठी आखली. रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. हा पाळक अविवाहित होता आणि पुढच्याच वर्षी, 29 व्या वर्षी वारला. तान्ह्या बाळाचं घर त्याने आतून पाहिलेलं नव्हतं. पण तो प्रामाणिक होता. योजनेसोबत त्याने तिचे धोकेही लिहून दिले. वाचन निव्वळ उपचार होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्या नीतिमत्त्वाचा गर्व होईल, वाचन निष्काळजी होईल, आणि काहींना ते न पेलणारं जू होईल. चौथा धोका त्याने लिहून ठेवला आहे. आज त्याच धर्तीच्या योजना आपण वापरतो आणि धोक्यांचं पान फाडून टाकतो.

तर आमचं निदान असं झालं. तिच्याकडे वेळ कमी होता हे खरं, पण तुकड्यातुकड्यांनी तासभर वेळ रोज निघत होता: बाळाला पाजताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मुलाला शाळेतून आणायला जाताना. तिच्याकडे सलग वेळ नव्हता. आणि तिने निवडलेलं वाचन असं होतं की मध्येच कोणी हाक मारली की ते वाया जायचं. दोन अध्यायांनंतर उठावं लागलं तर तो दिवस "अपूर्ण". म्हणजे हाकांनी मोडणार नाही असं वाचन शोधायचं होतं. त्यासाठी शास्त्रभाग छोटा हवा, आणि तोच पुष्कळ दिवस चालायला हवा.

काय ठरवलं

ॲपमधली योजना पुसून टाकायची, थांबवून ठेवायची नाही. एका आठवड्याला एकच शास्त्रभाग, पंधरा वचनांच्या आत. रविवारी संध्याकाळी तो घरात मोठ्याने वाचायचा, शक्यतो नवऱ्याने. सोमवारपासून तोच भाग छोट्या पुठ्ठ्यावर तिच्या हातांनी लिहून, पाजायला बसते त्या खुर्चीशेजारी टाचलेला. फोन त्या खुर्चीपासून लांब. वचन उघडायला फोन हाती घेतला की आधी तीन निरोप दिसतात आणि बाळाचं पिणं संपतं, हा तिचाच अनुभव.

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासी संन्याशाने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं असणं. मठात हे एका बैठकीत होत असेल. आम्ही त्या चार पायऱ्या दिवसभरात पसरल्या. सकाळच्या पाजण्याला वाचन. घड्या घालताना त्यातल्या एका वाक्याचं मनन. शाळेच्या रस्त्यावर, जाताना एकटी असते तेव्हा, त्याच वाक्यावरून प्रार्थना. चौथी पायरी कुठेच बसवली नाही. ती वेळापत्रकात बसत नाही. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात तरी वेगळं काय आहे? घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजताना, उठताना या वचनांविषयी बोला. तिथे एकांताची खोली सांगितलेली नाही. बसणं, चालणं, निजणं, उठणं, हेच जागोजाग आहे.

हे फारच थोडं झालं, असं गटातल्या एका ज्येष्ठ भगिनीला वाटलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. मोरावियन बंधू या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी 1728 साली जर्मनीतल्या हेर्नहूटमध्ये दिवसाला एक वचन द्यायला सुरुवात केली. 1731 पासून ती वचनं दरवर्षी छापली जातात आणि आजही त्यावर जगभर घरंच्या घरं चालतात. तिला हे सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही, असं दिसलं. असो.

हन्ना

पहिला भाग मी मुद्दाम 1 शमुवेल 1:21 ते 23 दिला. येशू घरी आल्यावर कामात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरिया, यांची गोष्ट दिली नाही. ती गोष्ट दमलेल्या बाईला इतक्या वेळा ऐकवलेली असते की लूक 10 उघडलं तरी तिला आधी स्वतःचा दोषच दिसतो.

शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना, तिची गोष्ट आपण दोन टोकांनी सांगतो. मंदिरात रडून मूल मागते, आणि मग ते मूल देवाला देऊन टाकते. मधली तीन वचनं सुटतात. तिचा नवरा एलकाना दरवर्षीप्रमाणे सगळ्या घरादारासह शिलोला यज्ञ करायला निघतो. हन्ना जात नाही. ती नवऱ्याला म्हणते, मुलाचं दूध तुटेपर्यंत नाही, मग मी त्याला घेऊन येईन. एलकाना म्हणतो, तुला बरं वाटेल तसं कर, दूध तुटेपर्यंत राहा. फक्त परमेश्वर आपलं वचन खरं करो. आणि ती घरी राहून मुलाला पाजते. त्या काळी दूध तुटायला दोन-तीन वर्षं लागत, म्हणजे दोन-तीन वार्षिक यज्ञ तरी तिचे चुकले असणार.

जिने देवाला नवस केला आहे, जिची प्रार्थना ऐकली गेली आहे, तीच बाई वर्षाच्या सर्वांत मोठ्या भक्तीला गैरहजर राहते, आणि शास्त्र तिला एका शब्दानेही बोल लावत नाही. ती पळवाटही काढत नाही. कधीपर्यंत नाही आणि त्यानंतर काय, हे दोन्ही सांगते. घरचा माणूस त्याला मान देतो.

हा भाग ठरलेला आठवडा उलटूनही तिच्या खुर्चीशेजारी राहिला. तिने काढूच दिला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने मला निरोप पाठवला, की आज पाजताना पहिल्यांदा वाटलं, मी इथे बसले आहे म्हणून देवापासून लांब आहे असं नाही. एवढंच. खाली दोन ओळींत बाळाच्या दाताबद्दल होतं.

एकटीची प्रार्थना त्याच आठवड्यात परत सुरू झाली. मी विचारलं नव्हतं, तिनेच मागाहून सांगितलं.

फ्रिजवरचं वचन

तिच्या फ्रिजवर वर्षानुवर्षं एक चिकटपट्टी होती, फिलिप्पै 4:13. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. त्याखाली कामांची यादी. यादीवर हे वचन लावलं की त्याचा अर्थ आपोआप ठरतो: ही सगळी कामं मला जमलीच पाहिजेत, नाही जमली तर विश्वास कमी.

मे महिन्यात आम्ही 4:10 ते 14 घेतलं. पाच वचनं. पौल तुरुंगात आहे आणि फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी मदत पाठवली आहे. तो म्हणतो, मी मिळेल त्या स्थितीत समाधानी राहायला शिकलो आहे; तृप्त असणं, भुकेलं असणं, संपन्न असणं, विपन्न असणं, सगळं शिकलो आहे. त्या ओघात 13 वं वचन येतं. म्हणजे "सर्वकाही"मध्ये यादी पूर्ण करणं नाही, यादी अपुरी राहिली तरी टिकून राहणं आहे. आणि लगेच 14 व्या वचनात तो म्हणतो, तरीही तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत.

बुधवारी की गुरुवारी तिचा फोन आला. "काकू, हे आभाराचं पत्र आहे! मदत मिळाल्याबद्दलचं!" मी हो म्हटलं. "आणि मी हे वचन मदत मागायची नाही म्हणून लावलं होतं."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात खरा बदल इथे झाला, आणि तो वाचनाच्या पद्धतीमुळे झाला. 13 वं वचन तिने शेकडो वेळा वाचलं होतं. 14 वं वचन तिच्या डोळ्यांसमोर सलग सात दिवस राहिलं, म्हणून दिसलं. भराभर अध्याय उरकताना ते डोळ्यांखालून गेलं असतं, पुस्तिकेच्या पानावर तर छापलंच गेलं नसतं. त्या आठवड्यात तिने नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की शनिवारी मला अर्धा तास हवा, आणि त्या अर्ध्या तासात घरात मी नाही असं समज.

नवरा, मुलं, गट

पहिल्या दोन शनिवारी तो बाळाला घेऊन बाहेर गेला आणि दर सात मिनिटांनी फोन करून लंगोट कुठे, टोपी कुठे, रडते आहे तर काय करू, असं विचारत राहिला. तिसऱ्या शनिवारी ती फोन घरी ठेवून स्वतःच बाहेर पडली. मग जमलं. हे मी हसण्यावारी लिहीत असले तरी गंभीरपणे मांडते: आईच्या भक्तीबद्दल आपण बायकांच्या गटात जितकं बोलतो त्याच्या एक दशांश जरी पुरुषांच्या गटात बोललो तरी पुष्कळ प्रश्न सुटतील. एलकानाचं एक वाक्य पुरुषांनी पाठ करावं.

मोठ्या मुलीने पुठ्ठ्यावरची वचनं वाचायला सुरुवात केली आणि प्रश्न विचारायला लागली. हन्नाने मुलगा देवळात ठेवला तेव्हा तो रडला नाही का? आईकडे उत्तर नव्हतं, शास्त्रातही नाही. आई दरवर्षी त्याच्यासाठी झगा शिवून न्यायची (2:19), एवढं तिने मुलीला दाखवलं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना डोक्यावर एप्रन घेऊन प्रार्थना करायची, ही गोष्ट आयांना सारखी सांगतात. मला तिच्या 1712 च्या पत्रातली गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. रोज संध्याकाळी ती एकेका मुलाशी वेगळं बोलायची. जॉनचा वार गुरुवार होता. आमच्या या आईने एवढंच उचललं, की मोठीशी पुठ्ठ्यावरच्या भागाबद्दल आठवड्यातून एकदा दोघींनीच बोलायचं.

गटातली रोजची खूण मात्र बंद करायला वेळ लागला. दोघींना ती हवी होती, त्यांना त्याने शिस्त लागते म्हणाल्या, आणि लागतही असेल. शेवटी ज्यांना हवी त्यांनी आपापसांत ठेवली, आणि गटात आठवड्यातून एकदा एवढाच प्रश्न उरला, की या आठवड्यात कोणतं वाक्य सोबत राहिलं? काहीच नाही, हे उत्तर चालतं. सुरुवातीला ते कोणी देत नसे. आता देतात, आणि त्यानंतर बोलणं खरं होतं.

जे जमलं नाही

रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या ठरल्या होत्या. वही उघडून पेन हातात धरून ती झोपायची. वही बंद केली. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात एक शब्द, तोही जमला तर. बरेच चौकोन रिकामे आहेत.

बायबल ऐकण्याचा प्रयोग अर्धवट जमला. काम करताना नवा भाग लावला की तिला शेवटी काहीच आठवायचं नाही. आधी वाचून झालेला भाग लावला तर मात्र ऐकता ऐकता एखादं वाक्य पकडलं जायचं. त्यामुळे ऐकणं बुधवारनंतर, असा नियम तिनेच केला.

पुठ्ठे मुलगा रंगवतो. स्तोत्र 131, आईच्या मांडीवर शांत झालेल्या, दूध तुटलेल्या मुलाचं स्तोत्र, अवघी तीन वचनं, त्यावर आता एक निळा ट्रक आहे.

जुलैत तीन आठवडे काहीच झालं नाही. नवऱ्याची बदललेली पाळी, वर्षाचे हिशेब, सासूबाईंचं आजारपण. या वेळी फरक एवढाच पडला की चौथ्या आठवड्यात ती जिथे होती तिथूनच सुरू झाली. भरून काढायला काही नव्हतंच. तिने मला मार्क 6:31 मागितलं, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होते की शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, आणि येशू म्हणतो चला, थोडा विसावा घ्या. पुढे गर्दी त्यांच्याआधीच तिथे पोचलेली असते. "म्हणजे त्यांनाही विसावा मिळालाच नाही," ती म्हणाली. नावेत बसून पलीकडे जाईपर्यंतचा वेळ मिळाला, मी म्हटलं. तिला तो पुरेसा वाटला की नाही, ठाऊक नाही.

डिसेंबरमध्ये

धाकटी आता चालते आणि पिणं कमी झालं आहे, त्यामुळे खुर्चीची वेळ हळूहळू संपते आहे. नव्या वर्षी पुन्हा संपूर्ण बायबलची योजना घेऊ का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, हन्नाही मूल मोठं झाल्यावर शिलोला गेलीच ना. यावर मला उत्तर नव्हतं.

थोडी घासाघीस होऊन ठरलं ते असं. फक्त नवा करार. त्याचे 260 अध्याय, वर्षाचे 52 आठवडे. आठवड्याला पाच बसतात आणि दोन दिवस मोकळे राहतात. आजारपणं, पाहुणे आणि वर्षाचे हिशेब त्या दोन दिवसांत. योजना कागदावर, तारखा न घालता, वाचलं की खूण. एखाद्या आठवड्यात तीनच झाले तर राहिलेले दोन पुढे सरकतील आणि वर्ष तेरा-चौदा महिन्यांचं होईल, हे तिने स्वतःच कागदाच्या डोक्यावर लिहिलं आहे. पुठ्ठा मात्र ती सोडणार नाही म्हणते. त्या आठवड्याच्या पाच अध्यायांतला एक तुकडा त्यावर जाईल, आणि तो निवडायचं काम मोठ्या मुलीकडे दिलं आहे.